अक्कांच्या लुगड्याचा काठ

तीर्थरूप अक्का,

नमस्कार करते. एका चुलीवर, एका छपराखाली इतकी वर्षं काढली, तेव्हा तुम्हाला चार ओळी लिहायची वेळच कधी आली नाही. ती आज आलीय. काल तुमची गोधडी पालमला, उषाच्या सासरी गेली, आणि तुम्ही मला जे करू नको म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच मी केलंय. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच लिहायला बसले.

आज द्वादशी. देवाला नैवेद्य दाखवला, उपास सोडला, भांडी घासून पालथी घातली आणि हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं पुढे ओढली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कागद वाया घालवायलीस व्हय गं?" घालवते. एक दिवस घालवू द्या.

तर सांगते. लावला तुमच्या लुगड्याचा काठ. उषाच्या लेकराच्या गोधडीला, चारी बाजूंनी लावला!

रागावलात? रागवा. पण आधी सगळं ऐकून घ्या.

उषाला दिवस राहिल्याचं कळलं आणि तुम्ही ट्रंकेतलं सगळं जुनेर बाहेर काढलंत. माझं विटलेलं हिरवं पातळ, तुमच्या भावाची धोतरं, उषाचा शाळेतला निळा स्कर्ट. रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणात सतरंजी टाकून तुम्ही थरावर थर मांडलेत, वर हात फिरवून सुरकुत्या काढल्यात. मी सहज म्हणाले, "अक्का, तुमचं पण एखादं घाला की. तुमची लुगडी धुऊन धुऊन किती मऊ झालीत."

तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. मान वर न करता म्हणालात, "माझं नगं गं माय. इधवेचं कापड लेकराच्या अंगाला नगं."

आज डाळीत मीठ कमी टाक म्हणावं, तितक्या सहज म्हणालात.

"असं काही नसतं अक्का."

"आसतं. तू मॅट्रिक हाईस, तुला पुस्तकातलं ठावं. मला दुनियेतलं ठावं."

तुमच्यापुढे कोण बोलणार!

पण आज मी बोलणार आहे. अक्का, दरवेळी लोक तुम्हाला बाजूला सारायचे, की लोकांनी म्हणायच्या आत तुम्हीच बाजूला होऊन मोकळ्या व्हायच्या? उषाच्या हळदीला बायका जमायच्या आधीच तुम्ही चुलीपाशी पाट टाकून बसलात. डोहाळजेवणाला ती सारखी "आत्या कुठंय? आत्या कुठंय?" करत होती आणि तुम्ही मागच्या अंगणात गोधडीवर वाकलेल्या. तिथूनच ओरडलात, "तुमचं चालू द्या, माझं चालू हाय." शेवटी ती जड पोट सांभाळत तुमच्यापाशी आली, ओटीतला नारळ तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही तो पदराने धरून परत तिच्याच ओटीत टाकलात. हातसुद्धा लावला नाहीत! पोरीला काय वाटलं असेल, कधी मनात आलं का?

तुमच्या कुशीत लहानाची मोठी झालेली पोर ती. माझ्यापाशी ती निजलीच किती? स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की झोपेत दचकायची आणि तुमच्या पदरात तोंड खुपसायची. गोवर आला तेव्हा तुम्ही रात्रंदिवस त्याच पदराने तिला वारा घातलात. जांभळं लुगडं, बारीक पिवळ्या काठाचं. आठवतं का?

पौषात तुम्ही गेलात. सकाळी चहाला हाक मारली, उठला नाहीत. मला वाटलं, थंडी आहे, पडू द्यावं घटकाभर. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यानंतर उठणार, म्हणून मी मनात हसले पण होते. गोधडी उशाशी घडी घातलेली होती, सुई टाक्यातच टोचून ठेवलेली. आतलं सगळं शिवून झालं होतं. तुमच्या त्या टिपा, मुंग्यांची रांग चालावी तशा. राहिला होता फक्त काठ, आणि कडेने फिरवायचा गोट.

तेराव्याला तुमचे कपडे वाटले. रीत आहे, ती मोडली नाही. जांभळं लुगडं मात्र मी घडी करून माझ्या ट्रंकेत तळाला घातलं. मग एकदा बोहारीण आली. जुन्या कपड्यावर भांडं घेतल्याशिवाय मी तिला दारातून हलू देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने झाकणाचा मोठा स्टीलचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "आज काही नाही," आणि दार लावून घेतलं. तुमचा भाऊ माझ्याकडे बघतच राहिला!

पुढे उषा मोकळी झाली. मुलगी झाली, अक्का! तुमच्यासारखी रुंद कपाळाची. बाळंतीण सव्वा महिन्याची झाल्यावर पालमहून विहीणबाईंचा निरोप आला, एकादशीला न्यायला येते. मी लगेच मनाशी बेत केला. गोधडीचा शेवटचा टाका एकादशीलाच घालायचा. इतका चांगला दिवस दुसरा कुठला? टाका घालायचा, देवापुढे ठेवायची आणि उषाच्या ओटीत द्यायची. त्या बेतात एक मोठी खोट होती. मला ती शेवटपर्यंत दिसली नाही. तुम्हाला वाचता वाचताच दिसली असेल आणि तुम्ही तोंडाला पदर लावला असेल.

गोधडी मी जन्मात शिवली नव्हती. तुम्ही घरात असताना मला अंगुस्तान बोटात घालायचं कारणच काय होतं? लुगड्याचा काठ पट्टीसारखा कापून घेतला, गोधडी मापली आणि अगदी मापात, बोटभरही जास्त नाही, असा ताणून ताणून लावला. वाटलं, वा, किती कापड वाचलं! खाली अंथरली तर चारी कडा वर उचललेल्या. तव्यावरच्या पापडासारख्या.

तुमचा भाऊ ड्यूटीवरून आला. दारातच थांबून म्हणाला, "ही गोधडी हाय का परात? पाणी भरून ठिवायचं का हिच्यात?"

मला रडू यायचं ते हसू आलं. आणि तुमचा आवाज आठवला. शेजारणीची गोधडी अशीच आकसली होती तेव्हा तुम्ही तिला म्हणाला होता, "कापडात कंजुषी कर, काठात करू नगंस. काठ लेकरावानी आसतो, वढला की रुसतो." सगळा काठ उसवला. पुन्हा लावताना हाताने जरा ढिला सोडत गेले. या खेपेला गोधडी जमिनीवर कशी शांत पडली बघा!

मग गोट. त्याच लुगड्याच्या अंगाच्या पट्ट्या काढल्या, कडेवरून दुमडून शिवत निघाले. सरळ कडेला सगळं ठीक. कोपऱ्यावर आले की कापडाचा बोळा! एक कोपरा केला, उसवला, केला, उसवला. शेवटी तुमचीच जुनी गोधडी काढली, ती आमच्या अंथरुणातली, आणि तिचा एक कोपरा हलक्या हाताने उसवून बघितला. म्हटलं, अक्का सांगायला नाहीत तर अक्कांचा टाका सांगेल. घडी कशी आत घेतलीत, तिरपी कशी दाबलीत, सगळं दिसलं.

आणि आतून हरभऱ्याएवढं काहीतरी काळपट, कडक माझ्या मांडीवर पडलं.

भाकरीचा तुकडा!

मी विसरूनच गेले होते. शेवटचा कोपरा मिटायच्या आधी तुम्ही नेहमी चुलीपाशी जायच्या, भाकरीचा तुकडा मोडून आणायच्या आणि गोटात सरकवून वरून टाके घालायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "गोधडी उपाशी ठिवू नाई. उपाशी गोधडी निजणाऱ्याची ऊब खाती." इतकी वर्षं आम्ही तुमच्या त्या घासाखाली निजत होतो. मी त्या जुन्या गोधडीला लगेच नवा घास घातला आणि कोपरा शिवून टाकला. पहिल्यांदा नीट जमलेला कोपरा तो! नव्या गोधडीचेही तीन कोपरे त्याच घडीने केले. चौथा तेवढा एकादशीसाठी उघडा ठेवला.

आदल्या दिवशी तुमचा भाऊ माझ्यापाशी येऊन बसला. काठावरून बोट फिरवत म्हणाला, "कुसुम, उद्या त्यांनी इचारलं तर माझ्या आईचं लुगडं म्हण. कुनाला काय कळायलंय? आई अहेवपणी गेली, कुनी नाव ठिवणार न्हाई."

"आणि अक्कांचं नाव कुठं ठेवू?"

"आगं, गाडी सुटायच्या टायमाला रुळावर उभं राहू नाई."

"मी रुळावर नाही. मी देवापुढे बसून शिवलीय. खोटं बोलून ती लेकरावर घालू?"

 मग उठता उठता पदराला पुसावं तसं त्या काठाला डोळे पुसून गेला. त्याला वाटलं मी पाहिलं नाही.

विहीणबाई सकाळच्या एस.टी.ने आल्या. घामाघूम. "रस्त्यात पोरं आडवी बसल्यालीत, किती येळ गाडी हलंना. आजकाल कवा बंद, कवा रास्ता रोको. घरातून निघताना भाकर बांधूनच निघावं लागतंय बाई," असं म्हणत फडक्यातली शिदोरी कोनाड्यात ठेवली, पाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं. डोळे भरून बघितलं. मग त्यांचं लक्ष गोधडीकडे गेलं.

"आगं बया! काय टिपा हायेत. मशिनीलाबी जमायच्या न्हाईत. तुमी शिवली?"

"आतलं अक्कांनी शिवलं. काठ आणि गोट माझा."

"पिवळा काठ लय खुलून दिसायलाय. कुन्या लुगड्याचा?"

तुमचा भाऊ दारात खाकरला. मी म्हणाले, "अक्कांच्या."

तव्याला लागावा तसा त्यांनी हात उचलला.

"म्हंजी... गेल्या त्या? तुमच्या नणंदबाई?"

"हो."

"त्या तर इधवा व्हत्या."

"हो."

"इहीनबाई, शिकल्यासवरल्या तुमी, आन् पहिलटकरणीच्या लेकरावर असलं कापड टाकायलात? उसवा तेवढा काठ. दुसरी कसलीबी पट्टी लावा, मी थांबते. दुपारच्या गाडीनं जाऊ."

अक्का, तुमच्यापाशी काय लपवू? माझा हात कात्रीकडे गेला. मुलीची सासू ती. आज मी ताठ बोलायचं आणि उद्या तिकडे उषाने ऐकून घ्यायचं, असं झालं तर? उसवायला किती वेळ लागला असता? एकदा सगळा उसवलेलाच होता मी तो. आणि तुम्हीही तेच सांगून गेला होता ना? "माझं नगं." दोघी एका बाजूला, मी एकटी एका बाजूला. देव्हाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"उसवणार नाही. न्यायची तर अशीच न्या. नाहीतर इथे राहील, उषा माहेरी आली की वापरेल. पण काठ निघणार नाही."

"येवढा हट?"

"एक सांगा. उषा तुम्हाला सून म्हणून पसंत आहे ना?"

"आता हे काय इचारणं? लाखात एक हाय माझी सून."

"ती याच पदराखाली निजून वाढली. गोवरात याच पदराच्या वाऱ्याने वाचली. या कापडात काही वाईट असतं, तर तुमची लाखातली सून अशी धडधाकट समोर बसली असती का?"

 उषाने गोधडीची कड ओढून नाकाशी धरली. म्हणाली, "अजून वास येतोय. चुलीच्या धुराचा आणि कापराचा. हिला पण हाच वास ओळखू द्या." 

विहीणबाई बराच वेळ त्या टिपांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लग्नात त्यांना बघितलंच न्हाई. कुठं व्हत्या?"

"चुलीपाशी. तुमच्या पंगतीच्या पुऱ्या त्यांनीच तळल्या."

"त्या पुऱ्या?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी दोनदा मागून घेतल्या व्हत्या."

ऐकलंत? तुम्ही चुलीमागे लपून बसलात आणि तुमच्या हातची चव जाऊन त्यांना भेटून आली! तुम्ही पण बाहेर आला असता तर काय बिघडलं असतं?

त्या काठाबद्दल पुढे काही बोलल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. गोधडी उलटून पालटून बघता बघता म्हणाल्या, "ह्यो कोपरा का उघडा ठिवलाय?"

"घास घालायचाय."

"मग घाला की. येळ कशाला करायलात?"

मी उठले, चुलीपाशी गेले, आणि तिथेच थांबले. एकादशी! घरात भाकरी कुठून येणार? तवा तर आदल्या दिवशीच घासून खुंटीला टांगलेला. दशमीची शिळी कोर असेल म्हणावं, तर मी पीठच मापून मळते, माझ्या टोपलीत कधी तुकडा उरलाय? आमच्यासाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, बाळंतीण म्हणून उषाला मऊ भात. ओला भात गोटात घातला तर बुरशी धरणार. इतका शोधून शोधून पवित्र दिवस काढला, आणि नेमका त्याच दिवशी गोधडीला घास नाही!

विहीणबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसायलाच लागल्या. पोट धरून!

"देवाची लेक गं बाई! घरादाराला उपास, आन् आता वाकळीलाबी उपास!"

तुमचा भाऊ हसला. उषा हसली. मला हसू येईना. मी खुंटीवरचा तवा काढला. एकादशीला या घरात तवा चढला नाही, हा नेम तुमचाच, आणि मी तो आजवर पाळला. देवाला मनात म्हटलं, एवढ्या वर्षांचे उपास तुझ्यापाशी जमा आहेत, त्यातला एक आज खर्ची टाक, पण ही पोर उपाशी गोधडीत निजणार नाही. पिठाच्या डब्याला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," मागून विहीणबाई म्हणाल्या. "मोडू नगा नेम."

त्यांनी कोनाड्यातली शिदोरी घेतली, गाठ सोडली. ज्वारीची भाकर, वर लाल चटणी. "आमच्यात एकादशी धरत न्हाईत. उपाशी पोटी नांगर चालत न्हाई," असं म्हणत चटणी न लागलेल्या बाजूने भाकरीची कड मोडली. तुकडा चिमटीत धरून जरा थांबल्या. नजर त्या पिवळ्या काठावर होती. 

"हं. धरा तोंड उघडं."

मी कोपरा धरला. त्यांनी स्वतःच्या हाताने घास आत सरकवला, वरून बोटाने दाबला.

"उपाशी वाकळ आमच्या घरात न्हाई चालायची. घाला टाके."

आमच्या घरात! अक्का, ऐकलंत ना? आमच्या घरात, म्हणाल्या!

टाके घातले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून शेवटचे दोन जरा वाकडे आलेत, तेवढे पोटात घाला. गाठ मारली, देवापुढे ठेवली आणि उषाच्या ओटीत दिली. दुपारी स्टँडवर सोडायला गेले. विहीणबाई खिडकीपाशी बसल्या, नात मांडीवर, गोधडीत गुंडाळलेली. ऊन लागू नये म्हणून त्यांनी गोधडी वर ओढली, त्यामुळे लेकरू दिसेना. गाडी वळेपर्यंत खिडकीत मला फक्त तुमचा काठ दिसत होता.

आता माझा शब्द ऐका. लुगड्याला काठ दोन असतात. एक पालमला गेला, दुसरा माझ्या ट्रंकेत आहे, आणि अंगाचं कापडही बरंच आहे. बोहारणीने सोन्याचं भांडं आणलं तरी ते जाणार नाही. उषाच्या पुढच्या लेकराची गोधडी मी पहिल्या थरापासून शिवणार. तुमचं कापड आत झाकणार नाही, वरच्या थराला, मधोमध लावणार. कुणी विचारलं की कुणाचं, तर तुमचं नाव घेऊन सांगणार. आणि शेवटचा टाका एकादशीला आलाच, तर दशमीची कोरभर भाकरी आठवणीने राखून ठेवणार.

तुम्ही तेवढं माझं एक ऐका. तिथे तरी कुणी म्हणायच्या आत उठून चुलीपाशी जाऊ नका. मध्ये बसा.

तुमचं न ऐकणारी, तुमचीच भावजय,
कुसुम